तेरा अंडी आणि माझी मान

मी एक जुनी खुडूक कोंबडी आहे. जुनी म्हटलं की लोकांना लगेच रस्सा आठवतो, म्हणून आधीच सांगून ठेवते, मित्रांनो, मी अजून कामाची आहे.

खुडूक म्हणजे काय ते तुमच्यातल्या शहरवाल्यांना माहीत नसेल. कोंबडी अंडी घालायची थांबते, तिच्या अंगात ऊब भरते, पिसं फुलतात आणि तिला एका जागी बसून राहावंसं वाटतं. मग ती खुडूक झाली असं म्हणतात. माणसं हा शब्द असा उच्चारतात, जसा काही आजार झाला. काही घरी तर अशा कोंबडीला बादलीत बुडवतात, तिच्या नाकात पीस घालतात, का तर तिनं बसणं सोडावं आणि पुन्हा अंडी घालावीत. शहाणे कुठले. आम्ही बसलो नाही तर तुमच्या अंगणात एक पिल्लू चालणार नाही. बसणं हे काम आहे. एकवीस दिवस बसून बघा, म्हणजे कळेल.

माझा जन्म सत्त्याऐंशी सालचा, अंजूरचा. आमचं घर गावापासून जरा बाजूला, खाडीच्या बांधाकडे आहे. मागे भाताची शेतं होती. होती म्हणते, कारण आता तिथं पत्र्याची गोदामं आहेत. घराची मालकीण कमळा आणि तिचा नवरा केसरीनाथ. मी अंड्यातून बाहेर आले तेव्हा अंगणात आम्ही लहानमोठ्या मिळून वीस-बावीस जणी होतो, चार कोंबडे होते, आणि एक शेळी होती. शेळीविषयी मी काही बोलणार नाही. माझ्या टोपलीतला पेंढा तिनं तीन वेळा खाल्ला आहे.

माझा रंग तांबूस, म्हणून नाव तांबडी. लहानपणी मी घारीला फसवलं, मुंगसाला फसवलं, आणि ज्या वर्षी मानमोडीच्या रोगानं अर्धं खुराडं रिकामं झालं, त्या वर्षीही मी उभी राहिले. माझ्या बरोबरीच्या एकीचंही आज नाव घेता येत नाही. तेव्हा मी थोडा तोरा मिरवला तर कुणाला वाईट वाटायला नको.

पहिल्यांदा बसले तेव्हा कमळानं सगळं रीतसर केलं होतं. जुनी बांबूची टोपली घेतली, तळाला राख पसरली, वर पेंढा घातला. तेरा अंडी मोजून ठेवली. विजेच्या कडकडाटानं अंडी नासू नयेत म्हणून पेंढ्यात एक लोखंडी खिळा आणि एक कोळसा खोवला. मग मला उचलून हळूच वर ठेवलं आणि डालग्यानं झाकलं. दिवसातून एकदा मी उतरायचे, कणी खायचे, पाणी प्यायचे, धुळीत अंग घासायचे आणि अंडी गार व्हायच्या आत परत. एकविसाव्या दिवशी बारा पिल्लं निघाली. तेरावं आतच गेलं. त्या तेराव्याचं मला आजही वाईट वाटतं, पण बारा म्हणजे बारा. कमळानं त्या दिवशी मला सुकटीची डोकी मूठभर घातली आणि बांधावर जाऊन वाळवीचं ढेकूळ आणून पिल्लांपुढे फोडलं.

तेव्हापासून माझं नाव झालं. खोटं सांगत नाही, लोक मला बोलवायला यायचे. आमच्याकडे पद्धत अशी की ज्याच्या घरी बसणारी कोंबडी नाही, त्यानं दुसऱ्याची मागून न्यायची, अंडी त्याची, बसणं आमचं, आणि पिल्लं निम्मी निम्मी. कमळाची मावशी आनंदीबाई शेलार गावात राहते. तिनं मला दोनदा नेलं. तिच्या घराला लागून यंत्रमागाचा कारखाना. दिवसभर खडखड, शिफ्ट बदलली तरी खडखड थांबत नाही. भिंत हलायची, भिंतीबरोबर टोपली हलायची, टोपलीबरोबर मी. तिथंही मी अकरा काढली. मागवाले कामगार जेवणाच्या सुट्टीत येऊन बघायचे. "मौसी, ये मुर्गी है के मशीन?" असं एक जण म्हणाला होता. मला हिंदी फारसं येत नाही, पण स्तुती कुठल्याही भाषेत कळते.

इतकी सरळ चाललेली गोष्ट माणसांनी कशी बिघडवली ते आता ऐका.

आमच्या भागात गोदामं यायला लागली. आधी दापोड्याकडे, मग इकडे. शेतं बघायला गाड्या यायच्या. गाडीतून उतरणाऱ्यांना 'पार्टी' म्हणायचं, एकटा माणूस आला तरी पार्टीच. पार्टीला घेऊन यायचा चांगदेव. हा गावातलाच, जमिनी दाखवायचं काम करायचा. पायात पांढरे बूट घालून चिखलातून चालायचा आणि मग आमच्या ओट्यावर बसून बूट पुसायचा. बूट पुसता पुसता म्हणायचा, "वहिनी, पार्टी लांबून आलीय. गावठी कोंबडा हाय ना?"

घरी आलेल्याला उपाशी पाठवायचं नाही, ही केसरीनाथची जुनी खोड आणि जमिनीचं बोलणं करायला आलेल्याला तर नाहीच नाही. पोल्ट्रीची पांढरी कोंबडी पाहुण्याला घातली तर गावात नाक राहणार नाही. कोंबडी कापली तर अंडी जातात, हा हिशोब कमळाला कळायचा. म्हणून दर वेळी ती म्हणायची, "कोंबडी नको. कोंबडा घ्या. त्याचं काय काम हाय, नुसता आरवतो."

मित्रांनो, हे वाक्य नीट ऐका. नुसता आरवतो. सगळा घोटाळा या दोन शब्दांत आहे.

ठिपक्या पहिल्या पार्टीला गेला. जमीन मोजणारे आले तेव्हा काळा गेला. मग कुणी तरी मुंबईहून आलं, त्यांना तिखट चालत नव्हतं, तरी तिसरा गेला. तिसरा तर माझ्या पंखाखालून निघालेला. वर्षभरात उरला एकटा लाल्या. तो काही फार हुशार नव्हता. भर दुपारी आरवायचा, स्वतःच्या सावलीवर धावून जायचा. पण अंगणात तो एकच होता. पलीकडच्या महादूचा कोंबडा अधूनमधून बांध ओलांडून यायचा, तर मागच्या शेताला भिंत बांधली गेली आणि तोही बंद झाला. चौऱ्याण्णव सालच्या माघात जमीनविक्रीचा सगळ्यात मोठा कागद झाला. सह्या झाल्या, पेढे वाटले, आणि दुपारी ताटात लाल्या होता. केसरीनाथनं पाहुण्यांना हाडं मोडून दाखवली आणि म्हणाला, "खरा गावठी."

त्याच महिन्यात मी खुडूक झाले. खाली ठेवलेली काही अंडी लाल्या असतानाची होती. तेरांतून चार निघाली. कमळा म्हणाली, "चारच?" माझ्याकडे असं बघितलं, जशी उरलेली नऊ मी खाल्ली.

चैत्रात परत बसले. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत पोटाखालच्या अंड्याला एक वेगळाच उबदारपणा येतो, आतला जीव थोडी ऊब आपली आपण धरू लागतो. ते मला कळतं. मी शाळेत गेले नाही, पण हे मला कळतं. त्या वेळी तेराच्या तेरा अंडी दगडासारखी. मी उतरले की गार, बसले की माझ्याच उबेनं गरम. आत कुणी नाही. मी डालग्याच्या फटीतून ओरडून सांगितलं. कमळा म्हणाली, "बघा, कशी खुडखुडतेय. जोरात बसलीय या खेपेला."

काय करायचं अशा माणसांचं?

एकवीस दिवस झाले. काही निघालं नाही. केसरीनाथ म्हणाला, ऊन फार होतं. ज्येष्ठात परत तेरा अंडी ठेवली, परत तसंच. त्या वेळी खिळा शोधला तर टोपलीत नव्हता, म्हणून विजेवर ढकललं. खिळा शेळीच्या गोठ्यात सापडला. एक अंडं तर माझ्या अंगाखाली फुटलं. त्या वासाचं मी वर्णन करत नाही, तुम्ही जेवणार असाल. चार दिवस मी धुळीत लोळत होते तरी तो वास पिसांतून जाईना, आणि कमळा नाकाला पदर लावून मलाच म्हणते, "म्हातारी झाली गं ही."

अंगणात आम्ही नऊ कोंबड्या होतो. रोज अंडी मिळत होती. अंडी मिळतात म्हणजे सगळं ठीक, अशी त्या दोघांची समजूत. अंडं आणि पिल्लू यांच्यामध्ये कुणाची तरी गरज असते, हे ती दोघं घरात दोन पोरं वाढवूनही विसरली होती.

आषाढात तिसऱ्यांदा मला बसवलं. टोपली बदलली, जागा बदलली, दोन खिळे घातले. डालगं झाकताना केसरीनाथ तिथंच उभा होता. तो कमळाला म्हणाला, "ही शेवटची. या खेपेला बी काय निघालं न्हाय, तर गटारीला हिचाच नंबर. बसून बसून खाते नुसती."

"खाते काय? दिवसाला मूठभर कणी," कमळा म्हणाली.

"मग मूठभरच रस्सा होईल."

कमळा डालगं नीट बसवून आत निघून गेली. मला तिचा त्या दिवशी फार राग आला. गटारी म्हणजे आषाढी अमावास्या. श्रावण लागायच्या आधी आमच्याकडे प्रत्येक घरात त्या दिवशी काहीतरी शिजतं. मी मनात मोजलं. एकविसावा दिवस अमावास्येच्या चार दिवस आधी येत होता.

आता माझी अडचण समजून घ्या. सहाव्या दिवशीच मला कळलं की या वेळीही तेरांत कुणी नाही. उठून गेले असते तर म्हणाले असते, बसणं टाकलं, हिच्यात आता दम नाही, कापा. बसून राहिले तर एकविसाव्या दिवशी काही निघणार नाही, कापा. दोन्हीकडून सुरी माझ्याच मानेवर. मी बसून राहिले. अर्धं काम टाकून उठणारी मी नव्हे, अंडी पोकळ असली तरी. पोट खपाटीला गेलं, छातीचं हाड हाताला लागायला लागलं, तुरा पांढरा पडला. समोर पावसात अंगण वाहत होतं, भिंतीपलीकडे ट्रक मागे-पुढे करत होते, आणि मी तेरा दगडांना ऊब देत होते.

एकविसावा दिवस गेला. बाविसाव्या दिवशी केसरीनाथ सुरीला धार लावायला बसला. धार कोयत्याची लावत होता की सुरीची, ते मी बघितलं नाही. आवाज ऐकला.

तेविसाव्या दिवशी सकाळी रिक्षातून आनंदीबाई उतरली. छत्री मिटताना दारातूनच म्हणाली, "कमळे, तांबडी खुडूक हाय का? मना न्यायची हाय शेलारला. माझी बसणारी बोक्यानं नेली."

केसरीनाथ हसला. "मावशी, उबवायला न्हाय, जेवायला या. रविवारी हाय ती."

"म्हंजे?"

"तीन खेपा झाल्या. एक पिल्लू न्हाय. संपली ती."

आनंदीबाईनं छत्री कोपऱ्यात ठेवली आणि सरळ माझ्याकडे आली. डालगं उचललं, मला काखेत घेतलं, छातीवरून बोट फिरवलं. "अगं, हाडं राहिलीत हिची," ती म्हणाली. मग तिनं एक अंडं उचललं, मुठीत धरून दाराच्या उजेडाला लावलं. दुसरं लावलं. तिसरं लावलं. कमळाला पातेल्यात कोमट पाणी आणायला सांगितलं आणि त्यात चार अंडी सोडली. आत पिल्लू असेल तर अंडं पाण्यावर डुचमळतं. ही चारही गप्प. शेवटी तिनं ओट्याच्या कडेला एक फोडलं. कमळानं वासाच्या भीतीनं तोंड फिरवलं, पण नुसतं पाणी झालेलं पिवळं बाहेर आलं.

"रगताचा एक टिपूस न्हाय," आनंदीबाई म्हणाली. "हे अंडं नासलं न्हाय, कमळे. याच्यात कधी काय नव्हतंच. तुमचा कोंबडा कुठं हाय?"

"कुठला कोंबडा?" कमळानं विचारलं.

"कुठला म्हंजे? अंगणातला."

कमळानं अंगणाकडे बघितलं. केसरीनाथनं पण बघितलं. जसा काही तो शेळीमागे उभा असेल.

"त्याचा काय संबंध?" केसरीनाथ म्हणाला. "अंडी कोंबडी घालते ना?"

"जावई," आनंदीबाई शांतपणे म्हणाली, "तुमची दोन पोरं काय माझ्या कमळीनं एकटीनं आणली?"

कमळानं तोंडावर पदर धरला. केसरीनाथ लाल झाला आणि पाऊस किती आहे ते बघायला लागला.

"आणि सकाळी उठता कशानं तुम्ही?" आनंदीबाईनं विचारलं. "कोंबडा आरवत न्हाय, हे कुणाला कळलं न्हाय घरात?"

कमळानं भिंतीपलीकडे बोट दाखवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "ट्रकचा हॉर्न वाजतो ना मावशी. साडेपाचला पहिली गाडी लागते. त्यानंच जाग येते."

आनंदीबाईनं कपाळाला हात लावला. कमळा बोटं मोडत मोजायला लागली. ठिपक्या पार्टीला, काळा मोजणीवाल्यांना, तिसरा मुंबईवाल्यांना, लाल्या कागदाच्या दिवशी. मोजून झाल्यावर ती म्हणाली, "मीच सांगायचे, कोंबडा घ्या म्हणून. दोष उन्हाला दिला, विजेला दिला, हिला दिला. हिला तीन खेपा बसवलं मी उपाशी."

मित्रांनो, एवढंच मला चार महिने ओरडून सांगायचं होतं.

आनंदीबाई म्हणाली, "मी नेते हिला. माझ्याकडं कोंबडा हाय. हिची मान वाचेल आणि माझी अंडी बसतील."

आता मला वाटलं सुटले. पण कमळा पुढे झाली आणि तिनं मला मावशीच्या काखेतून काढून घेतलं. "तांबडी कुठं जायची न्हाय," ती म्हणाली. "आधी खाऊन-पिऊन अंगावर येऊ दे तिला. कोंबडाच हिकडं पाठव. पिल्लं निम्मी तुझी."

"आणि रविवारी?" केसरीनाथनं विचारलं. "गटारी हाय."

"बोंबील हायेत," कमळा म्हणाली.

आनंदीबाईचा कोंबडा दोन दिवसांनी पिशवीतून आला, रिक्षानं. मान तेवढी बाहेर. रंग भुरा, एका पायाला लंगडा, आणि आल्या आल्या त्यानं शेळीला टोचलं. मला तो तिथंच आवडला. दुसऱ्या दिवशी पहाटे, हॉर्नच्या आधी, तो आरवला. आत केसरीनाथ दचकून उठला आणि म्हणाला, "कोण हाय रे?"

पण गोष्ट इथं संपत नाही. माणसं एकदा समजावून सुधारत असती तर मला आत्मवृत्त कशाला सांगावं लागलं असतं. श्रावण सरला आणि त्याच आठवड्यात चांगदेव हजर. बरोबर एक मोठी गाडी आणि तीन माणसं. खाडीकडचा उरलेला तुकडा बघायचा होता. ओट्यावर बसून त्यानं बूट पुसायला घेतले आणि म्हणाला, "वहिनी, गावठी हाय ना?"

केसरीनाथनं भुऱ्याकडे बघितलं. मी त्याला बघताना बघितलं. माझ्याखाली तेव्हा अकरा अंडी होती, दहावा दिवस होता, आणि अकरांच्या अकरांत कुणीतरी होतं. पण पुढच्या खेपेचं काय? माझ्यानंतर बसणाऱ्या पोरींचं काय? मी टोपलीतून उठू शकत नव्हते. मला फक्त कमळा दिसत होती, परात हातात घेऊन दारात उभी.

"वांग्यात सुकट घातलीय," कमळा म्हणाली. "चालत असेल तर बसा."

"वहिनी, पार्टी मोठी हाय," चांगदेव हळूच म्हणाला.

"मग सगळ्यांना दोन दोन फोडी जास्त वाढते."

केसरीनाथ काही बोलायला गेला. कमळानं परात खाली ठेवली, अंगणात आली, एक रिकामं डालगं घेतलं, भुऱ्यावर उलटं घातलं आणि त्याच्याशेजारी पाटावर बसून भाजी निवडायला लागली. पार्टी वांगं खाऊन गेली. दोघांनी परत मागून घेतलं. जमिनीचं काय झालं ते मला माहीत नाही, मला त्यात रस नाही.

अकरांतून नऊ निघाली. मावशीला चार, कमळाला पाच, कारण एक जास्तीचं मावशीनं माझ्या नावानं सोडलं. माझी कुणी माफी मागितली नाही. केसरीनाथ येता-जाता मूठभर कणी जास्त टाकतो आणि दुसरीकडे बघतो. त्यानं तेवढं केलं तेही खूप, असं कमळा म्हणते. मला तसं वाटत नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरी कोंबड्या असतील, बदकं असतील, ससे किंवा शेळ्या असतील, तर त्यांना दाणापाणी द्याच. पण काही बिघडलं की समोर जी राबताना दिसते तिच्यावर बोट दाखवू नका. आधी तिच्याखाली काय ठेवलंय ते उजेडाला धरून बघा. आणि पाहुणे आले, मन मोठं झालं, की सुरी घेण्याआधी अंगणात एक चक्कर मारा आणि मोजा. जो नुसता आरवतो असं तुम्हाला वाटतं, तो शेवटचा तर नाही ना, एवढं बघा. माझी बसायची वेळ झाली.